स्कीमातील बदल आणि बॅकअपमधून उभी केलेली लॅब

ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे संस्थेतली खाती आणि संगणक यांची मायक्रोसॉफ्टची मध्यवर्ती नोंदवही, सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून चुका होतात आणि त्यातल्या बहुतेक निस्तरताही येतात. चुकून पुसलेले खाते, रिसायकल बिन चालू असेल तर, आपल्या सर्व ॲट्रिब्यूटांसह, म्हणजे त्याला जोडलेल्या माहितीसह, परत येते. चुकीची ग्रुप पॉलिसी मागे घेता येते. बिघडलेला डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरीची प्रत ठेवणारा सर्व्हर, काढून त्या जागी नवा उभा करता येतो. स्कीमाच्या वाट्याला ही सोय आलेली नाही. तिथे लिहिलेले प्रत्येक अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असते, आणि ती रेघ एका सर्व्हरवर नव्हे, तर फॉरेस्टमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या डोमेनांच्या संचातल्या, प्रत्येक डोमेनच्या प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर उमटते. नुकतीच एका स्कीमा विस्ताराची चाचणी पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत केली, तेव्हा या कामाविषयी वर्षानुवर्षे बनत गेलेली माझी मते सविस्तर लिहून काढावीत असे वाटले.

डिरेक्टरीत कोणत्या प्रकारची ऑब्जेक्ट असू शकतात आणि त्या प्रत्येकाला कोणकोणती माहिती जोडता येते, याची व्याख्या म्हणजे स्कीमा. ही व्याख्याही डिरेक्टरीच्याच एका स्वतंत्र विभागात ऑब्जेक्टांच्या रूपात साठवलेली असते: प्रत्येक क्लाससाठी एक, प्रत्येक ॲट्रिब्यूटसाठी एक. संपूर्ण फॉरेस्टला स्कीमा एकच असतो, तो बदलण्याचा अधिकार एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असतो, ज्याला आपण स्कीमा मास्टर म्हणतो, आणि तिथून तो बदल रेप्लिकेशनच्या, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना बदल पाठवण्याच्या, मार्गाने सगळीकडे पोहोचतो. एकदा भर घातलेले ॲट्रिब्यूट काढून टाकता येत नाही. फार तर ते निकामी झाल्याची खूण करता येते. विंडोज सर्व्हर २००३ च्या फॉरेस्ट पातळीपासून अशा निकामी ॲट्रिब्यूटचे नाव आणि ओआयडी (व्याख्येचा एकमेव ओळख क्रमांक) नव्या व्याख्येसाठी वापरता येऊ लागले, पण जुने ऑब्जेक्ट जागचे हलत नाही, आणि विंडोजसोबत येणाऱ्या मूळ व्याख्या तर निकामीही करता येत नाहीत. ॲट्रिब्यूटचा डेटाप्रकार कोणता आणि ते एकच मूल्य धरणार की अनेक, हे दोन निर्णय त्याच्या जन्माच्या क्षणीच कायमचे ठरतात.

‘मग बॅकअपमधून परत आणू’ हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले आहे आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही दिले आहे. ते चूक आहे. डिरेक्टरीतले एखादे खाते किंवा संपूर्ण ओयू (खात्यांचा कप्पा) अधिकृत रिस्टोअर करून आणता येते, म्हणजे बॅकअपमधली जुनी प्रत हीच खरी मानावी असे बाकीच्या डोमेन कंट्रोलरांना सांगता येते. स्कीमा विभागासाठी मात्र हा मार्ग बंद आहे. एखाद्या डोमेन कंट्रोलरवर जुना बॅकअप साधेपणाने चढवला, तर त्याचे शेजारी त्याला नवा स्कीमा पुन्हा पाठवतात आणि आपण होतो तिथेच येतो. व्हर्च्युअल मशीनच्या स्नॅपशॉटचीही गत वेगळी नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून, हायपरव्हायजरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) साथ असेल तर, आपल्याला मागच्या स्थितीत नेले गेले आहे हे डोमेन कंट्रोलर ओळखतो, स्वतःची ओळख बदलतो आणि राहून गेलेले सगळे शेजाऱ्यांकडून पुन्हा मागून घेतो, म्हणजे नको असलेला बदलही परत येतो. आणि ही ओळखण्याची सोय नसेल तर यूएसएन रोलबॅक नावाचे, रेप्लिकेशन नकळत बिघडवणारे आणि स्कीमाच्या चुकीपेक्षाही त्रासदायक दुखणे मागे लागते. सारांश एवढाच, की परतीची वाट एकच आहे: सगळे डोमेन कंट्रोलर बंद करायचे, प्रत्येक डोमेनचा एक बॅकअपमधून उभा करायचा आणि उरलेले सगळे नव्याने बांधायचे. यालाच फॉरेस्ट रिकव्हरी म्हणतात. ज्याने ती कधी केलेली नाही, त्याने आपल्याकडे परतीची वाट आहे असे कागदावर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी स्वतःची पहिली चूक यापेक्षा कितीतरी साधी होती, आणि तिला कोणी संकट म्हटले नसते. एका कंपनीत प्रवेशपत्राचा क्रमांक प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यात ठेवावा अशी मागणी आली, म्हणून मी एक ॲट्रिब्यूट बनवले, ते एकमूल्यी ठेवले, आणि त्याच्या नावापुढे कंपनीचा कोणताही उपसर्ग लावला नाही. चाचणी केली होती. मूल्य लिहिले गेले, वाचले गेले, आणि मी समाधानाने फाइल बंद केली. पुढे काही कर्मचाऱ्यांना दोन इमारतींची दोन प्रवेशपत्रे मिळाली. एकमूल्यी ॲट्रिब्यूट बहुमूल्यी करता येत नाही, म्हणून त्याच नावाच्या शेवटी दोनचा आकडा लावलेले दुसरे ॲट्रिब्यूट आले, आणि मग कोणत्या प्रोग्रॅमने कोणते वाचायचे याचा घोळ मी ती नोकरी सोडेपर्यंत चालू होता. या प्रकरणात तांत्रिक चाचणी कुठेही कमी पडली नव्हती. कमी पडला होता तो त्याआधीचा प्रश्न: ही माहिती पाच वर्षांनी कोणत्या आकाराची असेल?

त्यामुळे चाचणीचा पहिला भाग कोणत्याही सर्व्हरला हात न लावता, कागदावर होतो. या ॲट्रिब्यूटची खरोखर गरज आहे का, की आधीपासून असलेल्या पंधरा एक्स्टेन्शन ॲट्रिब्यूटांपैकी, म्हणजे एक्सचेंज हा मेल सर्व्हर बसवलेल्या फॉरेस्टमध्ये मिळतात त्यांपैकी, एखादे चालेल? ही माहिती एखाद्याच प्रोग्रॅमला हवी असेल तर लाइटवेट डिरेक्टरी सर्व्हिसेसचा, म्हणजे डोमेनविना चालणाऱ्या छोट्या डिरेक्टरीचा, वेगळा इन्स्टन्स उभारून त्याचा स्कीमा स्वतंत्र ठेवता येईल का? विस्तार करायचाच असेल तर ॲट्रिब्यूट थेट युजर क्लासला चिकटवण्याऐवजी एक पूरक क्लास (जादा ॲट्रिब्यूटांचा गठ्ठा) बनवून तो जोडावा, नावाला स्वतःचा उपसर्ग असावा, आणि ओआयडी कुठल्यातरी उदाहरणातून उचललेला नसावा. आयाना ही संस्था १.३.६.१.४.१ या शाखेखाली संस्थांना स्वतःचा क्रमांक विनामूल्य देते. एकदा तो घेतला की त्याखालची मांडणी आपली. दुसऱ्याचा ओआयडी वापरल्याची शिक्षा लगेच मिळत नाही. ज्याचा तो खरा मालक आहे त्याचे उत्पादन बसवण्याचा दिवस येतो, तेव्हा ती मिळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, म्हणजे लॅब, चाचणीसाठीचे वेगळे फॉरेस्ट. बहुतेक ठिकाणी स्कीमा बदलाची चाचणी अशी होते: दोन व्हर्च्युअल मशीन घ्यायची, त्यांवर कोरे फॉरेस्ट उभारायचे, व्हेंडरने दिलेली फाइल चालवायची, ‘यशस्वी’ असा संदेश आला की स्क्रीनशॉट काढून बदलाच्या अर्जाला जोडायचा. या चाचणीतून एवढेच सिद्ध होते की व्हेंडरची फाइल कोऱ्या फॉरेस्टवर चालते, आणि ते त्याने आपल्या इमारतीत आधीच पाहिलेले असते. आपले फॉरेस्ट कोरे नसते. त्यात आधीच्या प्रशासकांनी हाताने घातलेली ॲट्रिब्यूटे असतात, केव्हाच गेलेल्या मेल सर्व्हरच्या शेकडो व्याख्या असतात, कोणत्या उत्पादनाने आणली हे कोणालाच आठवत नाही अशी नावे असतात. धोका नव्या फाइलमध्ये क्वचितच असतो. तो नवी फाइल आणि हा जुना गाळ जिथे एकमेकांना भेटतात तिथे असतो, आणि कोऱ्या लॅबमध्ये ती भेट होतच नाही.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मायक्रोसॉफ्टच्याच दोन उत्पादनांमधले आहे. एक्सचेंज २००० ने स्कीमात जी भर घातली, तिच्यातल्या तीन ॲट्रिब्यूटांची एलडॅप (डिरेक्टरी वाचण्याचा प्रमाणित प्रोटोकॉल) नावे इंटरनेटच्या मानकांशी जुळणारी नव्हती. पुढे विंडोज सर्व्हर २००३ ने इनेटऑर्गपर्सन हा व्यक्तीच्या माहितीचा क्लास मानकाप्रमाणे आणला, तेव्हा त्याच तीन नावांवर संघर्ष झाला, आणि ज्यांनी आधी दुरुस्तीची फाइल न चालवता ॲडप्रेप (स्कीमा नव्या विंडोजसाठी तयार करणारे साधन) चालवले, त्यांच्या स्कीमात त्या ॲट्रिब्यूटांची नावे ‘डुप’ अशा उपसर्गाने विद्रूप झालेली दिसली. फक्त विंडोज २००० ची लॅब असलेल्या माणसाला हा प्रकार दिसलाच नसता. दोन्ही उत्पादने एकाच कंपनीची, दोन्ही आपापल्या जागी तपासलेली, आणि तरीही गाठ पडली ती ग्राहकाच्या फॉरेस्टमध्ये.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग याच जातीचा, फक्त लहान. एका व्हेंडरच्या फाइलमधले एक ॲट्रिब्यूट ज्या नावाचे होते, त्याच नावाचे ॲट्रिब्यूट आमच्या आधीच्या कोणी तरी हाताने बनवलेले होते, वेगळ्या डेटाप्रकाराचे. कोऱ्या लॅबमध्ये सर्व सुरळीत पार पडले होते. प्रत्यक्ष फॉरेस्टमध्ये फाइलमधल्या नोंदी डिरेक्टरीत भरणारे एलडीआयएफडीई हे साधन त्या ओळीवर थांबले, आणि थांबले म्हणजे मागे फिरले असे नाही. वरच्या सगळ्या भरी आत गेल्या होत्या, खालच्या राहिल्या होत्या. व्हेंडरच्या मदतकक्षाने सुचवले की हाच आदेश ‘के’ हा पर्याय लावून पुन्हा चालवा. हा पर्याय ‘ऑब्जेक्ट आधीच अस्तित्वात आहे’ यासारख्या चुकांकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. अर्धवट राहिलेली फाइल पूर्ण करण्यासाठी तो उपयोगी आहे हे खरे, परंतु आधीपासून असलेली व्याख्या नव्या व्याख्येसारखीच आहे का, हे तो पाहत नाही. नाव जुळले की पुढची ओळ. आम्ही तो लावला असता तर शेवटी यशस्वी असा संदेश आला असता आणि त्या उत्पादनाने आकड्याच्या जागी मजकूर वाचला असता. आम्ही तिथेच थांबलो, जुन्या ॲट्रिब्यूटचा वापर शोधला, ते निकामी केले आणि मगच पुढे गेलो. त्या दिवसापासून मी कोऱ्या लॅबमधली चाचणी ही चाचणी मानत नाही.

तर मग लॅब कशी असावी? माझे उत्तर आता एकच असते: ती आपल्या फॉरेस्टच्या बॅकअपमधून उभी केलेली असावी, आणि चालू डोमेन कंट्रोलरच्या व्हर्च्युअल डिस्कची प्रत करून कधीही उभी केलेली नसावी. दोन्ही मार्गांनी स्कीमा तोच मिळतो, हे मान्य आहे. पण डिस्कची प्रत करणे ही सोय संकटाच्या दिवशी हाताशी नसेल, बॅकअप असेल. आणि बॅकअपमधून फॉरेस्ट उभे करणे हीच नेमकी ती परतीची वाट आहे जिच्या भरवशावर आपण स्कीमाला हात लावणार आहोत. लॅब अशी बांधली की रिकव्हरीची तालीम वेगळी करावी लागत नाही. व्यवस्थापनाकडे तालमीसाठी वेळ मागितला तर तो मिळत नाही असा माझा अनुभव आहे, चाचणीसाठी मागितला तर मिळतो.

या तालमीत काय काय बाहेर येते, हे पाहण्यासारखे असते. सगळ्यात आधी डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडचा, म्हणजे डोमेन कंट्रोलर दुरुस्तीसाठी ज्या स्थितीत चालू करतात तिचा, पासवर्ड. डोमेन कंट्रोलर बनवताना तो कोणीतरी टाकलेला असतो आणि त्यानंतर त्याची आठवण कोणालाही नसते. सर्व्हर चालू असेपर्यंत एनटीडीएसयूटिल या साधनाने तो बदलता येतो; तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर नाही. त्यानंतर कळते की बॅकअप रोज होत असला तरी तो सिस्टिम स्टेटचा (ज्यात डिरेक्टरीचा डेटाबेस येतो) नाही, फक्त फायलींचा आहे. किंवा बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरण्यासाठीच डोमेनचे खाते लागते, आणि डोमेन तर आपण अजून उभे करायचे आहे. बॅकअपचे वयही पाहावे लागते. टूम्बस्टोनच्या, म्हणजे पुसलेल्या ऑब्जेक्टची खूण जपून ठेवण्याच्या, मुदतीपेक्षा जुना बॅकअप वापरायचा नसतो, आणि ही मुदत जुन्या काळात जन्मलेल्या फॉरेस्टमध्ये अजूनही ६० दिवसच असू शकते, विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून पुढच्या फॉरेस्टांत ती १८० दिवस आहे. अपग्रेड करत आलेल्या फॉरेस्टमध्ये ती आपोआप वाढत नाही.

उभारणीचा क्रम थोडक्यात असा: मूळ डोमेनचा एक डोमेन कंट्रोलर पूर्ण वेगळ्या, बाहेर कोणतीही वाट नसलेल्या व्हर्च्युअल नेटवर्कमध्ये रिस्टोअर करायचा, त्याच्यावरचा सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसी आणि स्क्रिप्टांचा सामायिक फोल्डर) अधिकृत करायचा, सर्व फिस्मो रोल (स्कीमा मास्टरसारख्या, एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या जबाबदाऱ्या) त्याच्याकडे ओढून घ्यायचे, न आणलेल्या डोमेन कंट्रोलरांच्या नोंदी डिरेक्टरीतून साफ करायच्या, मग इतर डोमेनांचा एकेक आणायचा. पहिला अडथळा जवळजवळ नेहमी डीएनएसचा (नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या व्यवस्थेचा) असतो, कारण रिस्टोअर झालेला सर्व्हर आपल्या जुन्या शेजाऱ्यांना विचारत बसतो आणि ते आता कधीच उत्तर देणार नसतात. एका डोमेनचा दुसरा डोमेन कंट्रोलरही नव्याने जोडून घ्यावा, म्हणजे स्कीमा मास्टरवरून बदल दुसरीकडे पोहोचताना काय होते तेही दिसते. प्रत्यक्षात विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या चालत असतील तर लॅबमध्येही त्या असाव्यात.

या लॅबविषयी दोन गोष्टी मी फार कडकपणे पाळतो. पहिली, ती खऱ्या नेटवर्कला कधीही जोडायची नाही, पाच मिनिटांसाठी फाइल आणायलासुद्धा नाही. फायली आत नेण्यासाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क लावावी आणि काढावी. एकाच नावाचे, एकाच ओळखीचे दोन डोमेन कंट्रोलर एकमेकांना दिसले तर काय होईल याची कल्पना करत बसण्यापेक्षा मध्ये तारच नसणे चांगले. क्लाउडशी खाती जुळवणारा सिंक सर्व्हर लॅबमध्ये आणलाच, तर त्याला इंटरनेट मिळता कामा नये, नाहीतर तो लॅबमधली खाती खऱ्या क्लाउडकडे इमानेइतबारे पाठवू लागेल. दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही: या लॅबमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याच्या आणि प्रत्येक प्रशासकाच्या खऱ्या पासवर्डचे हॅश (त्यांच्यापासून गणिताने बनवलेली रूपे) आहेत. ती ‘फक्त चाचणीची’ म्हणून सामायिक होस्टवर, शिकाऊ मुलांना प्रवेश असलेल्या ठिकाणी ठेवणे म्हणजे मुख्य दाराला कुलूप लावून किल्ली पायरीवर ठेवण्यासारखे आहे. खऱ्या डोमेन कंट्रोलरला जे संरक्षण, तेच या प्रतीला, आणि काम संपले की डिस्क पुसून टाकणे.

लॅब तयार झाली की फाइल चालवण्याआधी ती वाचावी, आणि ओळ न ओळ वाचावी. एलडीआयएफची फाइल साधा मजकूर असते. तिच्यात कोणत्या नोंदी भर घालतात आणि कोणत्या आधीच्या व्याख्येत फेरफार करतात हे सरळ दिसते, आणि माझे लक्ष नेहमी दुसऱ्या प्रकाराकडे आधी जाते. नवे ॲट्रिब्यूट लगेच पुढच्या ओळीत एखाद्या क्लासला जोडले असेल, तर मध्ये स्कीमा कॅशे (सर्व्हरच्या मेमरीतली स्कीमाची प्रत) ताजा करण्याची सूचना आहे का तेही पाहावे; ती नसेल तर डोमेन कंट्रोलर स्वतःहून तो साधारण पाच मिनिटांनी ताजा करतो आणि तोपर्यंत त्याला नवे नाव ओळखता येत नाही. हाताने एकेक तुकडा चालवून पाहिलेली फाइल एकत्र चालवली की का पडते, याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. फाइलऐवजी व्हेंडर एखादा प्रोग्रॅमच देत असेल आणि तो आत काय लिहितो हे सांगत नसेल, तर लॅब हाच तो शोधण्याचा मार्ग: बदलापूर्वी संपूर्ण स्कीमा विभाग निर्यात करायचा, बदलानंतर पुन्हा करायचा, आणि दोन्ही फायलींमधला फरक काढायचा. लाइटवेट डिरेक्टरी सर्व्हिसेससोबत येणारे स्कीमा ॲनालायझर हे छोटे साधनही दोन स्कीमांची तुलना करून देते. व्हेंडरच्या कागदपत्रांत नसलेल्या नोंदी या फरकात सापडल्या तर त्यांचे स्पष्टीकरण लेखी मागावे.

या तुलनेत सर्चफ्लॅग्ज नावाचा एक आकडा मी खास पाहतो, कारण त्यात अनेक निर्णय एकत्र दडलेले असतात. प्रत्येक बिटला वेगळा अर्थ: १ म्हणजे इंडेक्स, ८ म्हणजे ऑब्जेक्ट पुसल्यावरही मूल्य जपणे, १२८ म्हणजे गोपनीय, २५६ म्हणजे बदलाच्या ऑडिट नोंदीत मूल्य न लिहिणे, ५१२ म्हणजे केवळ-वाचनीय डोमेन कंट्रोलरकडे न पाठवणे. जुन्या लॅप्स या साधनात प्रत्येक संगणकाच्या स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड ज्या ॲट्रिब्यूटमध्ये साध्या मजकुरात ठेवला जाई, त्याचा हा आकडा ९०४ असतो, म्हणजे ५१२, २५६, १२८ आणि ८ यांची बेरीज. कोणी तो बदलून ७७६ केला, तर फक्त १२८ गेलेले असतात, बाकी सगळे जागेवर असते, कुठेही चूक दाखवली जात नाही, आणि गोपनीयतेचे कवच निघून गेल्यामुळे ज्यांच्याकडे साधा वाचनाचा अधिकार आहे त्यांनाही पासवर्ड दिसू लागतात. एका आकड्यातला हा फरक कोणत्याही ‘यशस्वी’ संदेशात दिसणार नाही. म्हणून लॅबमध्ये एका अगदी सामान्य खात्याने लॉगिन करून नवी ॲट्रिब्यूटे वाचायचा प्रयत्न करणे हा माझ्या यादीतला न टाळता येणारा प्रयोग आहे.

इंडेक्सचा बिट दिसला तर वेगळी काळजी. इंडेक्स रेप्लिकेट होत नाही. व्याख्या पोहोचते आणि मग प्रत्येक डोमेन कंट्रोलर स्वतःच्या डेटाबेसवर तो बांधू लागतो, जवळजवळ एकाच सुमारास. डेटाबेस मोठा आणि आधीपासून भरलेल्या ॲट्रिब्यूटवर इंडेक्स असेल, तर सकाळी लोक लॉगिन करत असताना हे सुरू होणे परवडत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही बांधणी पुढे ढकलण्याची सोय आहे. लॅब बॅकअपमधून आलेली असल्यामुळे डेटाबेस खऱ्या आकाराचा असतो आणि वेळ मोजता येतो. कोऱ्या लॅबमध्ये तीन खात्यांचा इंडेक्स क्षणात होतो आणि त्यातून काहीच कळत नाही. ग्लोबल कॅटलॉगमध्ये (सर्व डोमेनांच्या ऑब्जेक्टांची निवडक माहिती ठेवणाऱ्या यादीत) ॲट्रिब्यूट घालण्याची भीती मात्र आता जुनी झाली आहे. विंडोज २००० मध्ये त्यामुळे सर्व ग्लोबल कॅटलॉग पुन्हा पूर्ण भरून घ्यावे लागत. २००३ पासून फक्त नवे ॲट्रिब्यूट तेवढे जाते.

एवढे झाल्यावर उरतात ते प्रोग्रॅम, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर हा भाग कंटाळवाणा आहे. डिरेक्टरीतून वाचणारा प्रत्येक महत्त्वाचा प्रोग्रॅम लॅबमध्ये आणणे कधीच जमत नाही. मी निदान खाती तयार करणाऱ्या स्क्रिप्ट, सिंकचे साधन आणि डिरेक्टरीत लिहिणारे प्रोग्रॅम आणतो. फक्त वाचणाऱ्यांना नव्या ऐच्छिक ॲट्रिब्यूटने सहसा फरक पडत नाही.

लॅबमधल्या सर्व पायऱ्या पार पडल्या की खऱ्या फॉरेस्टमध्ये करायचे काम जवळजवळ निरस वाटले पाहिजे. स्कीमा ॲडमिन्स हा गट एरवी रिकामा ठेवावा आणि बदलाच्या वेळेपुरते एक खाते त्यात घालावे. हा केवळ शिस्तीचा आग्रह नाही: विंडोज सर्व्हर २०१२ पासून नवा डोमेन कंट्रोलर बनवणारा विझार्ड गरज पडल्यास ॲडप्रेप स्वतःच चालवतो, आणि त्या माणसाच्या खात्यात पुरेसे अधिकार असतील तर नव्या आवृत्तीचा एक सर्व्हर जोडण्याच्या निमित्ताने संपूर्ण फॉरेस्टचा स्कीमा बदलून जातो. बदलाच्या आधी प्रत्येक डोमेनमधून ताजा सिस्टिम स्टेट बॅकअप घ्यावा, रेपॲडमिन या साधनाने रेप्लिकेशन सगळीकडे निरोगी असल्याची खात्री करावी, आणि एकही डोमेन कंट्रोलर महिनोन्‌महिने मागे पडलेला असेल तर आधी त्याचा निकाल लावावा.

स्कीमा मास्टरचे बाहेर जाणारे रेप्लिकेशन बदलापुरते बंद ठेवावे की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. बंद ठेवले तर चूक एका सर्व्हरपुरती राहते, आणि मग तो सर्व्हर बंद करून, पुसून, रोल दुसऱ्याकडे ओढून घेऊन सुटता येते. अट एवढीच की तो पुन्हा कधीही नेटवर्कवर यायला नको. मी पूर्वी हे नेमाने करत असे. आता बदल लहान आणि फाइल आमचीच असेल तर करतो, मोठ्या उत्पादनाचे इन्स्टॉलर असेल तर टाळतो, कारण ते इन्स्टॉलर मध्येच दुसऱ्या डोमेन कंट्रोलरशी बोलू पाहते आणि अर्ध्यात अडकते. शिवाय त्या काळात त्या सर्व्हरवर झालेले इतर बदलही तिथेच थांबून राहतात. लॅबमध्ये जे सापडले नाही ते या अर्ध्या तासात स्कीमा मास्टरकडे पाहत बसून सापडेल, असे मानणे मला पटत नाही. ते कुंपण आहे, चाचणी नव्हे.

बदल पसरू लागला की काही डोमेन कंट्रोलरांवर स्कीमा जुळत नसल्याची ८४१८ क्रमांकाची चूक दिसू शकते. नवे ऑब्जेक्ट पोहोचले आणि त्याची व्याख्या अजून पोहोचली नाही, असा तो क्षण असतो. आधी स्कीमा आणि मग बाकीचे, अशा क्रमाने ते आपोआप सुटते. दुसऱ्या दिवशीही ती दिसत राहिली तर मात्र हात घालावा लागतो. साइट-साइटमधले रेप्लिकेशन मूळ मांडणीत दर १८० मिनिटांनी होते, त्यामुळे तासाभरात सगळीकडे बदल दिसला नाही म्हणून घाबरू नये. विंडोजच्या स्वतःच्या बदलांसाठी स्कीमाचा आवृत्ती क्रमांक प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर जाऊन वाचावा: २०१२ आर२ साठी ६९, २०१६ साठी ८७, २०१९ आणि २०२२ या दोन्हींसाठी ८८. इतर उत्पादनांचे बदल या क्रमांकात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एखादे ठराविक ॲट्रिब्यूट प्रत्येक ठिकाणी आहे का, हेच पाहावे लागते.

बदल करून वर्षे लोटली तरी त्याचा हिशोब बंद होत नाही, याचा पुरावा २०२१ च्या जुलैमध्ये मिळाला. सीव्हीई-२०२१-३४४७० या क्रमांकाने जाहीर झालेली त्रुटी कोणत्याही चालू प्रोग्रॅममध्ये नव्हती. ती एक्सचेंजने स्कीमात घातलेल्या एका क्लासच्या व्याख्येत होती. त्या व्याख्येमुळे संगणकाच्या खात्याखाली ज्या प्रकारची ऑब्जेक्ट बनवता येऊ नयेत ती बनवता येत होती. ज्यांनी एक्सचेंज केव्हाच काढून टाकले होते, त्यांच्याकडेही तो क्लास तसाच होता, आणि त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टला व्याख्या तपासून दुरुस्त करणारी स्क्रिप्ट द्यावी लागली. आमच्याकडच्या लॅबमध्ये आधीच्या काळातल्या उत्पादनांचे असे किती क्लास पडून आहेत याची मी एकदा यादी केली. त्यानंतर प्रत्येक विस्ताराच्या अर्जात मी एक रकाना वाढवला: हे उत्पादन गेल्यावर या व्याख्यांकडे कोण पाहणार. व्हेंडरांना हा रकाना आवडत नाही.

या खेपेचा विस्तार लॅबमध्ये दुसऱ्या प्रयत्नात स्वच्छ गेला; पहिल्या प्रयत्नात एका ॲट्रिब्यूटवर गोपनीयतेचा बिट नव्हता, आणि ते सामान्य खात्याच्या प्रयोगातच दिसले. व्हेंडरने सुधारलेली फाइल पाठवली. पहिल्यांदा बॅकअपमधून लॅब उभी करायला मला चार दिवस लागले होते, त्यातला एक पूर्ण दिवस पासवर्ड शोधण्यात गेला होता. या खेपेस सकाळी सुरू केलेले काम संध्याकाळी संपले. लागलेल्या वेळेची नोंद आणि पायऱ्यांची सुधारलेली टिपणे छापून, सीलबंद पाकिटात, नव्या रिस्टोअर मोडच्या पासवर्डांसोबत तिजोरीत ठेवली आहेत, आणि लॅबच्या डिस्क पुसल्या आहेत.